कवा येतोय आवाज?

पहाटे साडेपाचला गल्लीतून गाडी काढली की पहिली दोनशे पावलं मी काच खाली ठेवते. रेडिओ लावत नाही, पंखाही बंद. रंकाळ्याच्या बाजूला त्या वेळी दुधाच्या गाड्या असतात, फिरायला निघालेली म्हातारी माणसं असतात आणि खांद्यावर टॉवेल टाकून तालमीकडे निघालेली दोन-चार पोरं असतात. फुलेवाडीकडे जाताना डाव्या हाताला एक लांबलचक दगडी भिंत लागते. तिच्या कडेनं गाडी हळू नेली की चाकांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि एरवी गाडीच्या पोटात दडलेलं सगळं स्वच्छ ऐकू येतं. रोज सकाळी ती भिंत संपेपर्यंत मी फक्त ऐकते. मग काच वर करते आणि शाळेचा विचार सुरू होतो.

ही सवय मला गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात लागली. गौरी-गणपती नुकतेच आटोपले होते. माझी शाळा गगनबावड्याच्या रस्त्यावर आहे, जाऊन-येऊन रोज पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात त्या रस्त्याच्या कडा खचतात, आणि त्या सावरतात न सावरतात तोच गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्यांना पुन्हा खाली बसवतात. समोरून ट्रॉली आली की आपण डावीकडे सरकतो आणि डावं चाक त्या तुटक्या कडेवरून जातं. वर्षानुवर्षं हेच. त्या सप्टेंबरात एका सकाळी बालिंग्याच्या पुलाअलीकडे पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू आली. मी रेडिओचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशीही वाढवला. आठवडाभरानं मला कळलं की बातम्या मी मोठ्या आवाजात ऐकत होते आणि त्यातलं एक अक्षरही कानात शिरत नव्हतं, कारण कान त्या खडखडीकडेच लागलेले होते.

मग एका गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसानं गाडीत न बसता, गाडी न हलवता, माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं, ‘शॉकअप गेलेत.’ दोन्ही शॉकअप बदलले, वरची माउंटिंगं बदलली. बिल घरच्या महिन्याच्या वाणसामानाएवढं झालं. तिसऱ्या दिवशी त्याच पुलाअलीकडे तीच खडखड. जुने शॉकअप कदाचित थकलेही असतील. गाडी नऊ वर्षांची आहे. पण माझी तक्रार थकलेल्या शॉकअपची नव्हती. मी एक आवाज घेऊन गेले होते, आणि तो आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

शाळेतल्या एका शिक्षकांनी मला उद्यमनगरातल्या चाचांकडे पाठवलं. पत्र्याची शेड, जमिनीत खणलेला एक खड्डा, भिंतीला ओळीनं लावलेले पाने. चाचांचं वय साठीच्या पुढचं. पोरवयात ट्रकच्या फिटरच्या हाताखाली लागले ते आजतागायत. मी गाडीतून उतरत म्हटलं, ‘चाचा, पुढच्या डाव्या चाकातनं आवाज येतोय. काय गेलं असेल?’

ते म्हणाले, ‘काय गेलंय ते मागनं बगू. कवा येतोय आवाज?’

‘सारखाच येतोय.’

‘सारखा कुठलाच आवाज येत न्हाई, बाई. तीन दिस ऐका आन मग या.’

तीन दिवस ऐकायचं काय, तेही त्यांनी सांगितलं. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? सरळ जाताना की वळताना, आणि वळताना तर कुठल्या बाजूला? ब्रेकवर नुसता पाय टेकवला तर थांबतो का? वेग वाढला की त्याची चाल वाढते का? गाडी उभी करून नुसतं इंजिन वाढवलं तर येतो का? गुळगुळीत रस्त्यावर काय होतं? मी टाचणवहीच्या शेवटच्या पानावर हे सगळे प्रश्न लिहून घेतले. घरी परतताना वाटलं, इतक्या वर्षांत मुलांच्या चुका मी अशा तपासल्या असत्या तर!

ते तीन दिवस मी विसरणार नाही. एकाच रस्त्यानं, एकाच वेळी, पण प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदलायची. पहिल्या सकाळी कळलं की गाडी उभी असताना कितीही इंजिन वाढवलं तरी आवाज येत नाही. म्हणजे इंजिनाकडचं, सायलेन्सरवरच्या पत्र्याचं वगैरे काही नाही; तो पत्रा सुटला असता तर गाडी जागच्या जागीही वाजली असती. दुसऱ्या दिवशी नवीन डांबर पडलेल्या पट्ट्यावर गाडी साठच्या वेगानं नेली. एकदम गप्प. ही माहिती मोठी होती. चाकाबरोबर फिरणारी एखादी वस्तू वाजत असती, तर ती डांबरावरही वाजली असती. लहान गाडीच्या चाकाचा घेर साधारण १.८ मीटर असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला सहा फेरे घेतं. टायरच्या नक्षीत खडा अडकला असेल तर सेकंदाला सहा वेळा ‘टक’ होणार आणि वेग निम्म्यावर आणला की तीन वेळा. माझा आवाज असं काही मोजून देत नव्हता. तो रस्त्याचं ऐकत होता, चाकाचं नव्हे.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी हळूहळू गोल फिरवली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. काही नाही. परतताना खडबडीत पट्ट्यावर ब्रेकवर अगदी हलका पाय टेकवून पाहिला. खडखड तशीच. वहीत एवढंच उरलं: खराब रस्ता, हळू वेग, डावी बाजू.

या तीन दिवसांत आणखी एका गोष्टीनं माझं मन भरून आलं, ती म्हणजे आपली भाषा. यंत्राच्या आवाजासाठी मराठीत किती शब्द आहेत, आणि ते किती नेमके आहेत! खुळखुळ म्हणजे पोकळीत सैल झालेली वस्तू. ब्रेकचे पॅड आपल्या जागेत सैल झाले की बारीक खड्ड्यांवर असेच खुळखुळतात आणि ब्रेकवर पाय टेकवला की गप्प होतात. किणकिण पातळ पत्र्याची. डिस्कच्या मागची धूळ अडवणारी पत्र्याची तबकडी दगड लागून वाकली की ती किणकिणते. कटकट वळताना येते, एकसारखी, मोजता येईल अशी. ती अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या सांध्याची. करकर सुकलेल्या रबराची. गतिरोधकावर गाडी हळू चढवली की बुश करकरतात. घरघर बेअरिंगची, ती वेगाबरोबर वाढते, आणि गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येत असल्यामुळे डाव्या बेअरिंगची घरघर मोठी होते. जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना एकच ‘ठक्क’ झालं तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगकडे बघायचं. आणि खडखड म्हणजे लोखंड लोखंडाला पुन्हा पुन्हा भेटतंय. दोघांच्या मध्ये जे असायला हवं ते उरलेलं नाही.

माझ्या आजीनं हे शब्द शिकायला कुठलंच गॅरेज पाहिलं नव्हतं. बाजारात मडकं घेताना ती बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायची. खणखणीत वाजलं तर पैसे, बद्द वाजलं तर परत. नारळ कानाशी हलवायची. चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेण्याचा काळ तिनं पाहिला होता. मिरज स्टेशनावर लहानपणी लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक माणूस उभ्या गाडीच्या एकेका चाकावर ठोका देत जाताना मी पाहिलाय. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. प्रवासी चहा पीत असायचे आणि तो माणूस चाकांचं ऐकत डब्यामागून डबा पुढे सरकायचा.

आजोबांच्या बैलगाडीची गोष्ट तर याच आवाजाची आहे. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आकसायचं आणि चाकावर चढवलेली लोखंडी धाव सैल व्हायची. मग रिकामी गाडी कच्च्या वाटेनं निघाली की चाक खडखडायचं. आजोबा बैलांना थांबवायचे, खाली उतरायचे, धावेवर हाताची मूठ आपटून बघायचे. थोडीच सैल असेल तर रात्रभर चाकं भोगावतीच्या पाण्यात ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि लोखंडाला आतून धरायचं. जास्त सैल असेल तर लोहाराकडे. तो धाव काढायचा, तिचा घेर कमी करायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा आणि चाकावर चढवून वर पाणी ओतायचा. वाफेच्या लोटात लोखंड आकसायचं आणि लाकूड कडकड करत आवळलं जायचं. चाक कुरकुरलं तर वंगण, खडखडलं तर धाव. एका आवाजावर दुसऱ्याचा उपाय केला असता तर गाडी घाटात बसली असती. आजोबांना हे कुणी शिकवावं लागलं नाही, कारण त्यांच्या गाडीला रेडिओ नव्हता आणि वाटही गप्प होती.

चौथ्या दिवशी वही घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा उचलला तो पाना. ‘बाकीचं समदं ऱ्हाऊ द्या. पैलं नट.’ चाकाचे चार नट. तीन घट्ट होते. चौथ्याला पाना लावला आणि तो पाऊण फेरा सहज फिरला.

शॉकअप बदलताना चाक काढलं गेलं होतं. परत बसवताना हा एक नट अर्धवट राहिला होता, आणि त्यावर मी दीड आठवडा रोज पन्नास किलोमीटर गेले होते. मागच्या सीटवर बऱ्याचदा माझ्या दोन सहकारी बसलेल्या असायच्या. चाचा काहीच बोलले नाहीत. नट समोरासमोरच्या क्रमानं, म्हणजे एक वरचा मग त्याच्या समोरचा, असे आवळत गेले आणि हात पुसून म्हणाले, ‘आवाज याचा न्हाई. पन हे पैलं बगायचं असतंय.’

हे वाचणाऱ्या प्रत्येकानं मनावर घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं, म्हणून इथे थांबते. पुढच्या चाकातून कसलाही नवा आवाज आला, विशेषतः पंक्चर काढल्यावर, टायर बदलल्यावर किंवा गॅरेजातून गाडी आणल्यावर, तर सगळ्यात आधी चाकाचे नट बघायचे. बाकी दोष बहुधा वेळ देतात. सैल नट देईलच असं नाही. लहान मोटारींचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर इतके आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर चाळीसेक किलोचा भार. हातानं जोर लावून ते होतं. पान्यावर उभं राहून उड्या मारायच्या नाहीत, त्यानं बोल्ट ताणले जातात आणि पुढच्या वेळी रस्त्यात चाक निघत नाही. आणि चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की एकदा पुन्हा पाना लावून बघायचा.

नंतर चाचांनी गाडी जॅकवर घेतली. आधी सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, आणि गाडी उचलल्यावर खाली घोडी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली त्यांच्या शेडमध्ये कुणी हातही घालत नाही. चाक वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. तिथे ढिलेपणा असता तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून. तिथे असता तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगची रॅक. चाक जागच्या जागी, कुठेच हललं नाही. बॉल जॉइंटकडे त्यांनी टॉर्च लावून पुन्हा एकदा पाहिलं. तो निखळला तर चाक गाडीखाली दुमडतं, म्हणून तिथे ते घाई करत नाहीत.

मला वाटलं, आता काय? ते म्हणाले, ‘आता फिरायला चला.’

आधी मी चालवली, ते डावीकडे बसले. मग जागा बदलली. कारण विचारलं तर म्हणाले, एका जागी बसून आवाज फसवतो. हे खरंच आहे. डाव्या आणि उजव्या कानाला आवाज पोचण्यातला एक मिलिसेकंदापेक्षाही कमी फरक आणि त्याचा लहान-मोठेपणा यांवरून आपला मेंदू दिशा ओळखतो. गाडीच्या बंद पेटीत तोच आवाज पत्र्यातून, काचेवरून, छतावरून एकदम येतो आणि तो हिशेब बिघडतो. माझ्या सीटवरून मला आवाज पायांखालून येतोय असं वाटत होतं. डावीकडे बसले तेव्हा तो स्वच्छ बाहेर, चाकाजवळ ऐकू आला.

मग त्यांनी एक नीट बांधलेला गतिरोधक शोधला. तो शोधायला आम्हाला बराच वेळ लागला, हेही सांगितलं पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटर वेगानं गाडी त्यावरून अलगद जावी असा तो आखलेला आहे. आमच्या गल्ल्यांमध्ये एका रात्रीत डांबराचे जे उभे उंचवटे उगवतात, त्यांच्यावर गाडी आपटते. माणसांची कंबर आणि गाडीचे बुश दोन्ही त्यात जातात. मुलांना रस्ता सुखरूप ओलांडता यावा म्हणून उंचवटा घालणाऱ्याच्या मनातली काळजी मला समजते. पण तीच काळजी योग्य मापात घालता येते, आणि ती घालावी असं माझं ठाम मत आहे.

चांगला गतिरोधक सापडला. पुढची दोन्ही चाकं एकदम त्यावर चढतील अशी गाडी सरळ नेली. जवळजवळ काहीच आवाज नाही. मग गाडी वळवून रस्त्याच्या कडेच्या उथळ खड्ड्यांवरून नेली, फक्त डावं चाक खाली जाईल अशी. खडखड, खडखड. चाचांनी पुन्हा एकदा दोन्ही करून दाखवलं. दोन्ही चाकं मिळून गेली की गप्प, एकटं चाक गेलं की खडखड.

‘लिंक रॉड,’ ते म्हणाले.

त्यांनी मला ते समजावलं ते शेडमधल्या तारेच्या तुकड्यावर. गाडीच्या पुढच्या दोन चाकांमध्ये एक वाकवलेली लोखंडी सळई आडवी असते. वळणावर गाडी एका बाजूला झुकते तेव्हा ती पिळली जाते आणि झुकणं कमी करते. सळईचं टोक आणि चाकाकडची बाजू यांना जोडणारी वीतभर दांडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन टोकांना गोळी आणि वाटी असलेले छोटे सांधे. दोन्ही चाकं एकदम वर गेली की सळई आपल्या बुशांत नुसती फिरते, पिळत नाही, म्हणून लिंकवर जोर येत नाही. एकच चाक गेलं की ती पिळते आणि सगळा जोर लिंकवर येतो. वाटीत गोळी सैल झाली असेल तर ती तेव्हाच बोलते. गाडीची एकच बाजू जॅकवर उचलली की सळई पिळून लिंकला ताणून धरते आणि ढिलेपणा झाकला जातो. म्हणून जॅकवर तो सापडला नाही. सगळ्याच गाड्यांना ही लिंक असते असंही नाही. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये ती वेगळी नव्हतीच, सळईची टोकंच खालच्या आर्मला जोडलेली होती. त्या गाडीतली खडखड वेगळ्या जागी शोधावी लागायची. गाडी कुठली हेही म्हणून आधी विचारायचं.

मला वाटलं, आता नवीन पार्ट आणायला पोराला पाठवतील. नाही पाठवलं. चाचांनी डाव्या लिंकचा वरचा नट सोडला, दांडी तारेनं बाजूला बांधली आणि त्याच खड्ड्यांवरून, अगदी हळू, गाडी पुन्हा नेली. आवाज नव्हता. लिंक सोडलेली गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून ही फेरी फक्त तपासणीपुरती आणि बैलगाडीच्या चालीनं. पण त्या पन्नास मीटरमध्ये मला जे मिळालं ते आधीच्या एवढ्या मोठ्या बिलात मिळालं नव्हतं. पुरावा मिळाला. दोष असताना आवाज, दोष बाजूला केला की आवाज नाही. त्यानंतरच पोरगा दुकानात गेला.

काढलेली लिंक त्यांनी माझ्या हातात दिली. सांध्यावरच्या रबरी टोपीला केसाएवढी चीर होती. त्या चिरेतून पावसाचं पाणी आणि चिखल आत गेला, ग्रीस धुऊन निघालं, गोळी आणि वाटी कोरडी घासत राहिली. गोळी आरशासारखी चकचकीत झाली होती. हलवली तर बाळाच्या खुळखुळ्यासारखी वाजली. उजवी लिंकही त्यांनी हातानं हलवून पाहिली, टोपी फिरवून चारी बाजूंनी बघितली. घट्ट होती. ‘ही चांगली हाय, ऱ्हाऊ द्या,’ म्हणाले. चांगल्या वस्तूला चांगली म्हणून जागच्या जागी सोडणारा कारागीर आता सहज भेटत नाही. लिंकचे काही शे रुपये आणि मजुरी, एवढंच बिल झालं.

जुनी लिंक माझ्या टेबलावर आहे. ती दिसली की शाळेतली एक गोष्ट आठवते. चौथीच्या वर्गातली एक मुलगी रोज डोकं दुखतं म्हणायची. आम्ही तिला बाम लावायचो, घरी पाठवायचो, अभ्यास टाळतेय असंही एखादी बाई म्हणायची. उद्यमनगरातून आल्यानंतरच्या आठवड्यात मी तिला विचारलं, ‘केव्हा दुखतं गं?’ ती बराच वेळ विचार करत राहिली. कुणी हे तिला विचारलं नव्हतं. मग म्हणाली, ‘फळ्यावरचं लिहून घेतल्यावर.’ आता तिला चष्मा आहे आणि ती दुसऱ्या बाकावर बसते.

आवाज ऐकायच्या आधीच पार्ट बदलून बघायची जी पद्धत पडली आहे, ती मला चुकीची वाटते. त्यात मालकाचे पैसे जातात, चांगला पार्ट भंगारात जातो आणि शिकणाऱ्या पोराच्या हाती काहीच लागत नाही. स्कॅनर लावला की इंजिनाचे दोष पडद्यावर दिसतात, ते यंत्र उपयोगाचं आहे. पण लिंक रॉडला, बुशला, चाकाच्या नटाला सेन्सर नसतो. तिथे अजून माणसाचा कानच लागतो. विजेच्या गाड्या आल्या म्हणून हे संपेल असंही नाही. त्यांत इंजिनाचा गोंगाट नसल्यानं चाकाकडची बारीक खुळखुळसुद्धा मोठी ऐकू येते. चाचांच्या शेडमध्ये दोन पोरं शिकताहेत. गिऱ्हाईक आलं की त्यातला धाकटा आता आपणहून विचारतो, ‘कवा येतोय आवाज?’

एक गोष्ट मात्र जपा. आलेला आवाज आपोआप थांबला, तर बरं झालं म्हणून पुढे जाऊ नका. एखादी सुटलेली क्लिप गळून पडली की तीही वाजायची थांबते. थांबलेल्या आवाजाचं कारण कळेपर्यंत गाडी हळू चालवा आणि दाखवून आणा.

आज कामाला निघण्याआधी डिकीतला पाना बाहेर काढा. गाडी जमिनीवरच असू द्या, जॅकची गरज नाही. चारही चाकांचे नट एकेक करून आवळून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. मग काच खाली करा, रेडिओ बंद ठेवा आणि एखाद्या भिंतीच्या कडेनं हळू निघा.